लवचिक पायांच्या ट्रायपॉडवर ताऱ्यांचे फोटो: चूक माझी की ट्रायपॉडची?

नाशिकचा भटक्या

नमस्कार. येत्या पौष अमावास्येच्या आसपास आम्ही चौघे पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणार आहोत. ध्रुवताऱ्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषा एकदा तरी स्वतःच्या कॅमेऱ्यात टिपाव्यात, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. घरातला नेहमीचा ट्रायपॉड हेडसकट (म्हणजे कॅमेरा बसवायच्या वरच्या भागासकट) सव्वादोन किलोचा असून तंबू, पाणी आणि शिधा यांच्या जोडीला तो पाठीवर वाहून नेण्याची माझी तयारी नाही. म्हणून गेल्या महिन्यात मी वाकणाऱ्या पायांचा, एकात एक अडकवलेल्या गोळ्यांची माळ असावी तसा दिसणारा, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा ट्रायपॉड घेतला. त्याच्या खोक्यावर '१ किलोपर्यंत' असे छापलेले आहे. माझा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा मिररलेस असून १८-५५ च्या किट लेन्ससह त्याचे वजन साधारण ६५० ग्रॅम भरते, त्यामुळे भाराच्या बाबतीत आपण निर्धास्त आहोत असे मला वाटत होते.

मागच्या शनिवारी गच्चीवर चाचणी घेतली आणि पुरता हिरमोड झाला. आधी तिन्ही पाय सरळ ठेवून ट्रायपॉड कठड्यावर उभा केला, कॅमेरा अंदाजे ३५ अंश वर रोखला आणि लेन्स १८ मिलिमीटरवर, तिचे छिद्र एफ ३.५ आणि शटर २० सेकंद उघडे ठेवून बरेच फोटो काढले. त्या सगळ्यांत तारे ठिपक्यांसारखे न येता लहान उभ्या काड्यांसारखे आले. एवढेच नव्हे, तर समोरच्या इमारतीच्या उजळलेल्या खिडक्यांच्या कडासुद्धा तशाच उभ्या ओढल्या गेल्या आहेत. मग पाय पाण्याच्या टाकीच्या पाइपाला गुंडाळून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा ताऱ्यांच्या जागी बारीक, थरथरत्या दोऱ्यासारख्या रेघा उमटल्या. दोन्ही वेळा २ सेकंदांचा सेल्फ-टायमर लावलेला होता आणि मी कॅमेऱ्याला हातही लावलेला नव्हता.

माझ्या पद्धतीत काही चुकते आहे, की हा प्रकारच रात्रीच्या फोटोंसाठी निरुपयोगी आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. निरुपयोगी असल्यास तेही स्पष्ट सांगावे, म्हणजे दुकानदाराकडे परत करण्याची मुदत संपण्याआधी निर्णय घेता येईल.

अर्धवट अभियंता

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्हीच दिलेले आहे, कारण खिडक्यांचा उल्लेख तुम्ही आवर्जून केलात. ताऱ्यांचे फोटो हलले की दोष कोणाचा, हे ठरवण्यासाठी फोटोतल्या स्थिर वस्तूकडे बघावे. खिडक्या रेखीव आल्या असत्या आणि फक्त तारे लांबट झाले असते, तर तो पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम ठरला असता. तारे आणि खिडक्या दोन्ही एकाच दिशेने, एकसारख्या लांबीने ओढले गेले, याचा अर्थ २० सेकंदांत कॅमेराच सावकाश कलत होता. दुसऱ्या फोटोंतल्या थरथरत्या रेघा हा मात्र निराळा आजार आहे. टाकीच्या पाइपाला पाय बांधले तेव्हा खाली पंप चालू होता का, एवढे आठवून पाहा.

आता थोडा हिशेब करू. तुमच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा आहे, आणि १८ मिलिमीटरच्या लेन्सला तो आकाशाचा सुमारे ४५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढा तुकडा दाखवतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. म्हणजे एक पिक्सेल ओलांडायला त्याला ३ सेकंद लागतात आणि २० सेकंदांत तो सहा-सात पिक्सेल सरकतो. ध्रुवाजवळचे तारे तर त्याहून पुष्कळच कमी सरकतात. ट्रायपॉडचे पाहू. ३० सेंटिमीटर उंचीच्या ट्रायपॉडचे डोके अवघे अर्धा मिलिमीटर पुढे किंवा मागे झुकले, तर कॅमेरा एक दशांश अंशाने कलतो, आणि तेवढ्याने चित्र आठ पिक्सेल सरकते. अर्धा मिलिमीटर म्हणजे अंगठ्याच्या नखाची जाडी. एवढी हालचाल अंधारात सोडाच, भर दुपारीही डोळ्यांना जाणवणार नाही. हीच गोष्ट २०० मिलिमीटरच्या लेन्सला घडली, तर सरक अकरापट होते. अशा ट्रायपॉडवर दिवसा मोठी टेलिफोटो लेन्स लावून समाधानी असलेली मंडळी भेटतात, कारण त्यांचा शटर १/५०० सेकंदाचा असतो आणि तेवढ्या वेळात काहीच खचत नाही.

मुळात हे का खचते, तर या पायांत कुठेही खटका किंवा कुलूप नाही. प्रत्येक गोळा पुढच्या खोबणीत घट्ट बसवलेला असतो आणि केवळ घर्षणाच्या बळावर जागचा हलत नाही. प्लॅस्टिकवर सतत ताण राहिला, की ते हळूहळू त्या ताणाला शरण जाते, आणि उष्णतेत हे अधिक होते. शिवाय खोक्यावरचा '१ किलो' हा आकडा भार बरोबर मधोमध, सरळ खाली येत असेल तेव्हाचा समजावा. सांध्याला जाणवतो तो गुणाकार: वजन गुणिले त्या सांध्यापासूनचे आडवे अंतर. तुमचे ६५० ग्रॅम सांध्याच्या ३ सेंटिमीटर पुढे असतील तर गोष्ट वेगळी. तेच २० सेंटिमीटर पुढे लोंबकळत असतील तर सांध्यावर जवळपास सातपट पीळ येतो. व्यवहारात मी अशा ट्रायपॉडवर छापील क्षमतेच्या निम्म्याहून अधिक वजन कधीच ठेवत नाही, त्यामुळे तुम्ही १ किलोऐवजी ३ किलो भार पेलणारा घ्यायला हवा होता असे माझे मत आहे. परतीची मुदत शिल्लक असेल तर बदलून घ्या, पण 'प्रकारच निरुपयोगी' असा निकाल लावून परत करू नका.

एक गोष्ट विषयाला धरूनच सांगतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास आपल्या अक्षांशाइतका उंच दिसतो, आणि हरिश्चंद्रगडावरून तो साधारण १९ अंशांवर असणार आहे. लंडनच्या फोटोंमध्ये तो ५१ अंशांवर चढून बसलेला असतो, म्हणून तिकडच्या लोकांना कॅमेरा आकाशाकडे रोखावा लागतो. तुमच्या लेन्सने आडव्या फ्रेममध्ये उभ्या दिशेने ४७ अंशांचा पट्टा येतो. कॅमेरा फक्त १५ अंश वर केलात तरी खाली थोडी जमीन आणि वर ३८ अंशांपर्यंतचे आकाश, असे सगळे मावते. गच्चीवर तुम्ही ३५ अंशांचा कल देऊन ट्रायपॉडला विनाकारण व्यायाम करायला लावलात.

नाशिकचा भटक्या

आपण विचारलेत म्हणून खाली जाऊन चौकशी केली. शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ पाणी चढवतात आणि माझे दुसरे फोटो ८:५० ते ९:१५ या वेळेतले आहेत, त्यामुळे त्या पाइपावर अन्याय झाला हे मान्य करतो. ट्रायपॉड बदलून ३ किलो भार पेलणारा आणला आहे. त्यासोबत लहान बॉल हेडही (कॅमेरा हव्या त्या कोनात वळवून एका स्क्रूने आवळता येणारा गोळ्याचा सांधा) मिळाले. आता तो उभा कसा करायचा, याबद्दल कोणी सविस्तर लिहील का?

जुनी लेन्स

बहुतेक लोक हा ट्रायपॉड नेहमीच्या ट्रायपॉडची छोटी आवृत्ती समजून वापरतात, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. हा ट्रायपॉड नसून मूठ आहे, असे समजा. मुठीला धरायला काही मिळाले तर ती घट्ट बसते. नुसतीच टेबलावर उभी केली तर डगमगते. जोबी कंपनीने २००६ साली 'गोरिलापॉड' बाजारात आणला, तेव्हापासून ते नाव या प्रकारालाच चिकटले आहे, जसे आपण कुठल्याही छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो. गोरिलाने फांदी धरावी तसे धरणे, हाच या वस्तूचा मूळ हेतू आहे.

धरायला काहीच नसेल आणि उघड्या कातळावर उभा करायचा असेल, तर पाय सरळ ठेवू नका. प्रत्येक पाय मध्यावर वाकवून कोळ्याच्या पायासारखा गुडघा करा, तिन्ही गुडघे बाहेर फाकवा आणि कॅमेरा जमिनीपासून १२-१५ सेंटिमीटरवर आणा. उंची गेली याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण पठारावर हव्या त्या उंचीचा दगड शोधता येतो आणि आपल्या सह्याद्रीत दगडांची वानवा नाही. तीन पायांपैकी एक पाय नेहमी लेन्सच्या बरोबर खाली, तिच्याच दिशेने असावा, म्हणजे पुढच्या वजनाला आधार मिळतो. लेन्स दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेवर आली, की सगळा डोलारा पुढे झुकू पाहतो, आणि हे तुमच्या कठड्यावर झाले असण्याची दाट शक्यता आहे.

मांडणी झाल्यावर मी कॅमेऱ्यावर तळहात ठेवून हलकेच खाली दाबतो आणि सोडून देतो. गोळ्यांच्या सांध्यांत जी काही ढिलाई शिल्लक असेल, ती तेवढ्या दाबाने निघून जाते. त्यानंतर दोन-तीन मिनिटे काहीही न करता थांबायचे. प्लॅस्टिक सुरुवातीच्या मिनिटांत सर्वांत जास्त बसते आणि पुढे ते जवळजवळ स्थिर होते. उत्साहाच्या भरात लोक मांडल्या मांडल्या पहिला फोटो घेतात आणि तो हलला की ट्रायपॉडला शिव्या देतात.

गुंडाळण्याची रीत वेगळी आहे. झाडाच्या खोडाला किंवा खांबाला गुंडाळताना दोन पाय एका दिशेने आणि तिसरा विरुद्ध दिशेने घ्यावा, म्हणजे कॅमेऱ्याच्या वजनाने एक बाजू सुटू पाहते तेव्हा दुसरी आवळली जाते. तिन्ही पाय एकाच दिशेने गुंडाळले तर अख्खा ट्रायपॉड स्क्रूसारखा फिरत खाली घसरतो. हे मी ओल्या आंब्याच्या खोडावर लेन्सच्या किमतीत शिकलो आहे. तेव्हापासून कॅमेऱ्याचा पट्टा किंवा नायलॉनची एक दोरी स्वतंत्रपणे फांदीला बांधल्याखेरीज मी हात सोडत नाही. फांदी मनगटापेक्षा बारीक असेल तर तिच्या नादी लागू नये, कारण वाऱ्यावर डोलणाऱ्या फांदीला कितीही घट्ट पकडले तरी डोलणे थांबत नाही. ट्रेकिंगची काठी दगडांत रोवून तिला पाय गुंडाळण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी तो करून पाहिला, आणि एका लवचिक गोष्टीला दुसरी लवचिक गोष्ट बांधली की काय होते ते पाहून काठी पुन्हा हातात घेतली.

किरकोळ वाटणाऱ्या पण महत्त्वाच्या काही बाबी राहिल्या. कॅमेरा उभ्या फ्रेमसाठी हेडवर आडवा लोंबकळवू नका. तसे केले की वजन एका बाजूला जाते आणि पाव इंची स्क्रूवर कॅमेरा स्वतःभोवती फिरून ढिला होतो. खालच्या प्लेटचा स्क्रू नाण्याने आवळून ठेवा, नखाने नव्हे. स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) बंद करा, कारण स्थिर कॅमेऱ्यात ते नसलेली हालचाल शोधत बसते. गळ्यातला पट्टा काढता येत असेल तर काढा, नाहीतर गुंडाळून बांधा. कोकणकड्याच्या बाजूला वारा खालून वर येतो आणि लोंबता पट्टा शिडासारखा फडफडत राहतो. कड्याच्या काठावर पाय बाहेर काढून ट्रायपॉड मांडण्याचा मोह तर कोणीच धरू नये. अंधारात तो सावरायला जो हात पुढे जातो, त्याच्यामागे माणूसही जातो.

तांदळाची पिशवी

वरील सर्व मार्गदर्शनाविषयी आदर राखून माझे वेगळे मत मांडतो. तुम्हाला फक्त ध्रुवाभोवतीच्या रेषा हव्या असतील आणि कॅमेरा शेवटी १५ सेंटिमीटर उंचीवरच ठेवायचा असेल, तर ट्रायपॉडची गरजच काय? जाड कापडाची एक पिशवी शिवून घ्या, तिच्यात अर्धा-पाऊण किलो तांदूळ भरा, तोंड घट्ट बांधा आणि सपाट दगडावर ठेवून तिच्यात कॅमेरा दाबून बसवा. त्यात सांधे नाहीत, स्क्रू नाही आणि खचणारे प्लॅस्टिकही नाही. गेली अनेक वर्षे मी याच पद्धतीने काम भागवले आहे, आणि सकाळी त्याच तांदळाची खिचडी होते, म्हणजे या साहित्याचे वजन परतीच्या वाटेवर शून्य असते.

जुनी लेन्स

खिचडीच्या मुद्द्यावर माझ्याकडे खरोखरच उत्तर नाही. मात्र रात्री अडीच वाजता लक्षात आले की चौकट दोन अंश डावीकडे हवी होती, तर बॉल हेडवर एक स्क्रू सैल करून ते होते. पिशवीत मात्र कॅमेरा उचलून पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो. पिशवी दगडावर छान बसते, पण खोडावर चढत नाही. दोन्ही सोबत असणे उत्तम, आणि तांदूळ तर तुम्ही नेणारच आहात.

बुरशीप्रेमी

मी आकाशाकडे फारसे बघत नाही; माझा सगळा जीव जमिनीपासून १० सेंटिमीटरच्या आत असतो. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजणाऱ्या लाकडावर काही बुरशी अंधारात हिरवट चमकतात. डोळा अंधाराला सरावल्याशिवाय त्या धड दिसतसुद्धा नाहीत, आणि त्यांचा फोटो घ्यायला ३० सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतचे एक्स्पोजर लागते. तिथे नेहमीचा ट्रायपॉड मधल्या दांड्यामुळे पुरेसा खाली जात नाही आणि त्याचे फाकलेले लांब पाय इतरांच्या वाटेत येतात. वाकणाऱ्या पायांचा ट्रायपॉड मात्र एक पाय मुळाखाली, एक दगडाच्या खाचेत आणि तिसरा पडलेल्या ओंडक्यावर असा कसाही रोवता येतो. तिन्ही पाय तीन निरनिराळ्या पातळ्यांवर असूनही कॅमेरा सरळ राहतो, ही सोय मला दुसऱ्या कशानेही मिळालेली नाही. माझा अनुभव असा, की अशा जागी पायांची टोके कशात तरी अडकलेली असल्यामुळे दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्येही काही सरकत नाही. 'मूठ' हा शब्द मला म्हणूनच पटला.

चिखलाबद्दल दोन शब्द लिहितो. माती किंवा वाळू गोळ्यांच्या खोबणीत शिरली की प्रत्येक वाकवण्याबरोबर ती प्लॅस्टिक घासत जाते आणि काही महिन्यांत पाय ढिले पडतात. घरी आल्यावर हेड काढून पाय साध्या पाण्याच्या धारेखाली एकेक सांधा हलवत धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये, कारण या पायांना जे काही सामर्थ्य आहे ते घर्षणाचेच आहे. जोराने पिळल्यामुळे एखादा गोळा निखळला तर घाबरू नका. तो भाग थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून सरळ रेषेत दाबला की बहुधा 'टक्' आवाज करून बसतो. एकच गोळा पुन्हा पुन्हा निखळू लागला, तर मात्र त्या पायावर कॅमेरा सोपवू नये. उन्हात उभ्या गाडीत हा ट्रायपॉड ठेवू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

बाजारात याच आकाराचे, वरून स्पंज आणि आत तार असलेले स्वस्त ट्रायपॉडही मिळतात, त्यांना कोणी ऑक्टोपस म्हणतात. मोबाइलसाठी ते चालतात. कॅमेऱ्याच्या वजनाखाली ती तार आधी वाकते आणि वारंवार त्याच जागी वाकवल्याने एक दिवस आतल्या आत तुटते. वरून स्पंज शाबूत असल्यामुळे तुटल्याचे कळतही नाही.

अर्धवट अभियंता

घरच्या घरी करण्याजोगी एक चाचणी सुचवतो. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर तीन मीटरवर ट्रायपॉड मांडा, ५५ मिलिमीटरवर फोकस करून तो मॅन्युअल करा, पंखा बंद करा आणि दर मिनिटाला एक याप्रमाणे दहा फोटो घ्या. नंतर संगणकावर पहिला आणि दहावा फोटो शंभर टक्के मोठा करून एकाच तारखेचा चौकोन कुठे होता आणि कुठे गेला ते बघा. ५५ मिलिमीटरला दिसणारी सरक १८ मिलिमीटरच्या तिप्पट असते, त्यामुळे तिला तीनने भागले की गडावर काय होईल याचा अंदाज येतो. पाय सरळ ठेवून एकदा आणि गुडघे वाकवून एकदा, अशी दोनदा चाचणी घ्या.

गडावर तुम्ही रेषांसाठी सलग फोटो घेणार आणि नंतर ते संगणकावर एकावर एक जोडून रेषा तयार करणार, तेव्हा 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद ठेवायला विसरू नका. ते चालू असले तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तितकाच वेळ शटर मिटून एक काळा फोटो घेतो आणि रेषा तुटक तुटक होतात.

नाशिकचा भटक्या

चाचणी घेतली. पाय सरळ असताना नऊ मिनिटांत चौकोन ३१ पिक्सेल खाली गेला, आणि त्यांतले १९ पिक्सेल पहिल्या दोनच मिनिटांत गेले. गुडघे वाकवून, तळहाताने दाबून आणि तीन मिनिटे थांबून घेतलेल्या फोटोंमध्ये सरक ४ पिक्सेल आहे. म्हणजे १८ मिलिमीटरला एक-सव्वा पिक्सेल. हा आकडा पाहिल्यावर सव्वादोन किलोचा ट्रायपॉड पुन्हा माळ्यावर ठेवून दिला. गडावरून आलो की लिहितो.

नाशिकचा भटक्या

परत आलो. रात्री सव्वाअकरा ते सव्वाबारा असे २० सेकंदांचे १८० फोटो घेतले. गुडघाभर उंचीच्या सपाट कातळावर ट्रायपॉड मांडला, एक पाय लेन्सखाली ठेवला आणि प्रत्येक पायाच्या टोकावर मुठीएवढा दगड ठेवला, ही माझी भर. तासाभरात तारे १५ अंश फिरले आणि ध्रुवाभोवतीच्या कमानी अगदी स्वच्छ आल्या. गारठा एवढा होता, की ट्रायपॉडचे रबर नखाला टणक लागत होते. ओलसर कातळावर त्याची पकड कमी झाल्याचेही जाणवले, आणि दगड ठेवण्याचे सुचले ते त्यामुळेच. केदारेश्वराच्या गुहेत सकाळी पिंडीचे आणि त्या एकमेव शाबूत खांबाचे फोटो घेताना मात्र पाय कशालाही गुंडाळले नाहीत. कोरीव खांब ही काही आपली फांदी नव्हे, त्यामुळे तिथे तांदळाची पिशवी कामी आली. खिचडी त्यानंतर झाली.

एक अडचण उरली आहे. ११६ व्या फोटोच्या वेळी आमच्यातला एक जण पाण्याची बाटली घ्यायला उठला आणि त्याचा पाय ट्रायपॉडला लागला. कॅमेरा पडला नाही, पण ११७ व्या फोटोपासून सगळे चित्र डावीकडे साधारण १४ पिक्सेल सरकलेले आहे, त्यामुळे जोडलेल्या चित्रात प्रत्येक कमानीला एक बारीक पायरी दिसते आणि खालचा कातळ दुहेरी दिसतो. नंतरचे ६४ फोटो टाकून द्यावेत का?

जुनी लेन्स

टाकू नका. ११६ वा फोटो तेवढा काढून टाका. एका फोटोची फट तुमच्या लेन्सला सहा-सात पिक्सेलपेक्षा मोठी नसते, आणि ध्रुवाजवळ तर ती दिसणारच नाही. ११७ पासून १८० पर्यंतचे फोटो आधी स्वतंत्रपणे एकत्र जोडा, पहिल्या ११५ फोटोंचे वेगळे चित्र करा, आणि मग दोन थर एकावर एक ठेवून कातळाच्या एखाद्या ठळक कडेवर नजर ठेवून दुसरा थर १४ पिक्सेल उजवीकडे सरकवा. कातळ जुळला की तारेही जुळतील, कारण धक्क्याने दोन्ही सारखेच सरकले आहेत. थोडा पीळही बसला असेल, तर तो थर दशांश अंशाने फिरवून पाहा. शेवटी कडेची वीसेक पिक्सेलची पट्टी कापावी लागेल, तेवढी चालवून घ्या.

पुढच्या वेळी ट्रायपॉडच्या एका पायाला पांढरा रुमाल बांधा. अंधारात काळा ट्रायपॉड मित्राला दिसत नाही, यात मित्राचा दोष नाही.

तांदळाची पिशवी

पिशवीला पाय लागला असता तर ती जागची हलली नसती, एवढेच नम्रपणे नोंदवतो.